माजघरात पन्नासची लेन्स मावते का?

पत्र: मी चिपळूणजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी सोनीचा ए-६४०० हा मिररलेस कॅमेरा, त्याच्यासोबत मिळणाऱ्या १६-५० लेन्ससह, घेतला. दिवसा अंगणात आणि शेतावर फोटो चांगले येतात. पण संध्याकाळी घरात काढलेले फोटो एकतर हलतात, नाहीतर त्यांच्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. घर जुने आहे. माजघर अकरा फूट बाय तेरा फूट असून गणपतीही तिथेच बसतो. मला मुख्यतः ८४ वर्षांची आजी, भावाची दोन वर्षांची मुलगी आणि गणपतीचे पाच दिवस यांचे फोटो काढायचे आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटोही माझ्याच गळ्यात पडतात. सगळे म्हणतात, पहिली प्राइम (झूम न होणारी लेन्स) म्हणजे ५० एफ १.८, डोळे मिटून घे. मामेभाऊ म्हणतो, ५६ घे, बोके फार सुंदर येतो. मामांकडे पेन्टॅक्स के-१००० हा जुना फिल्म कॅमेरा आणि त्याची ५०ची लेन्स पडून आहे. ती चालेल का? माझ्याकडे तीस हजार रुपये आहेत. लेन्स एकच घ्यायची आहे आणि चुकायचे नाही.

उत्तर: पत्रातली सर्वांत उपयोगाची माहिती तुम्ही जाता जाता लिहिली आहे, आणि ती म्हणजे माजघराची लांबी-रुंदी. लेन्स विचारणारे बहुतेक लोक कॅमेऱ्याचे नाव आणि खिशातली रक्कम कळवतात. खोली किती मोठी आहे हे कोणी कळवत नाही, आणि घरातल्या फोटोंसाठी प्राइम निवडताना खरा निकाल खोलीच लावते. झूम लेन्सवर माणूस मागे न सरकता दृश्य मोठे-छोटे करू शकतो. प्राइमवर ते काम पायांनी करावे लागते, आणि पाय भिंतीपाशी थांबतात.

तेरा फुटांच्या खोलीत कॅमेऱ्याला तेरा फूट मिळत नाहीत. तुमची पाठ भिंतीला टेकली तरी कॅमेरा भिंतीपासून दीड फूट पुढे येतो, आणि समोरच्या भिंतीला मखर, कपाट किंवा आजींची खुर्ची असते. म्हणजे फोटो काढण्याजोगे अंतर फार तर नऊ-साडेनऊ फूट उरते. आता हिशोब पाहा. ए-६४०० चा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग, २३.५ मिमी लांब आणि १५.६ मिमी रुंद आहे. कॅमेरा उभा धरून उभ्या माणसाचा डोक्यापासून पायांपर्यंतचा फोटो, वर-खाली थोडी जागा सोडून, घ्यायचा असेल तर ५० मिमीच्या लेन्सने तुम्हाला सुमारे चौदा फूट मागे जावे लागेल. ५६ मिमीने साडेपंधरा फूट, ३५ मिमीने जवळजवळ दहा फूट, ३० मिमीने साडेआठ फूट आणि २३ मिमीने साडेसहा फूट. म्हणजे डोळे मिटून घ्यायला सांगितलेली पन्नास तुमच्या माजघरातून तुम्हाला थेट पडवीत नेऊन उभी करते, आणि मामेभावाची छप्पन्न त्याच्याही पलीकडे, खळ्यात.

मग सगळे पन्नासच का सांगतात? सल्ला मुळात चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या मापाच्या कॅमेऱ्यासाठी होता. १९२५ साली एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कंपनीने ओस्कार बार्नाक यांनी घडवलेला लायका कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा त्याच्यावर ५० मिमीची लेन्स होती आणि फिल्मवरची चौकट ३६ मिमी बाय २४ मिमी होती. या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिमी भरतो, आणि कर्णाच्या जवळपासची फोकल लेंग्थ (लेन्सच्या नावातला मिमीचा आकडा) असली की फोटोतले दृश्य फार पसरलेलेही वाटत नाही आणि फार ओढून जवळ आणल्यासारखेही वाटत नाही. पुढे कितीतरी दशके नव्या फिल्म कॅमेऱ्यासोबत पन्नासचीच लेन्स यायची. मामांच्या के-१००० सोबतही ती आली ती याच रिवाजाने. तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरचा कर्ण मात्र २८ मिमी आहे. फिल्मवर जे काम पन्नास करत होती ते तुमच्याकडे तीसच्या आसपासची लेन्स करते, आणि तुमच्या कॅमेऱ्यावर लावलेली पन्नास फिल्मवरच्या पंचाहत्तरसारखी वागते. पंचाहत्तर ही चेहऱ्यांसाठी उत्तम लेन्स आहे, पण ती अंगणातली लेन्स आहे. सल्ला पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहिला आणि मध्येच सेन्सर लहान झाला, एवढेच काय ते घडले.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, माझीही पहिली प्राइम पन्नासच होती. पुतण्याच्या बारशाला, दोन खोल्यांच्या घरात, मी ती एकच लेन्स ऐटीत गळ्यात अडकवून गेलो. आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितले, तो क्षण माझ्याकडे आहे. त्यात आत्याचे अर्धे तोंड, बाळाचा एक कान आणि पाळण्याची दोरी एवढेच आहे. मागे दारापर्यंत सरकलो तर मध्ये पाठमोऱ्या बायका. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो भावाच्या फोनवर काढला गेला आणि तोच आजही भिंतीवर आहे.

तेव्हा खरेदीआधी एक संध्याकाळ खर्च करा आणि तुमचे जुने फोटो तपासा. संगणकावर फोटोच्या तपशिलात फोकल लेंग्थ लिहिलेली असते. तिच्याजवळच पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या हिशोबातला दुसरा, मोठा आकडाही दिसतो, तो सोडून द्या आणि खरा आकडा वाचा. आजी, भाची आणि गणपती यांचे आवडलेले साठ-सत्तर फोटो निवडून प्रत्येकाचा आकडा वहीत मांडला की ढीग कुठे पडतो ते दिसेल. यात एक मेख आहे. तुमची १६-५० ही विजेवर चालणारी झूम लेन्स आहे आणि कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला की ती दर वेळी १६ वर येऊन उभी राहते. त्यामुळे घाईत काढलेल्या फोटोंचा मोठा ढीग १६ वर सापडेल आणि तुम्हाला वाटेल की आपल्याला रुंद लेन्सच आवडते. तो ढीग बाजूला काढा. ज्या फोटोंच्या वेळी तुम्ही मुद्दाम कळ सरकवून थांबलात, तेच आकडे तुमच्या आवडीचे. शिवाय १६ वर काढलेला फोटो नंतर कापून लहान केला असेल, तर तोही तुम्हाला अधिक जवळचे दृश्य हवे होते याचाच पुरावा आहे.

त्यानंतर एक दिवस घरात झूम ३० वर ठेवा आणि तिला हातही लावू नका. दुसऱ्या दिवशी तेच ५० वर करा. कॅमेरा सुरू केल्यावर आकडा पुन्हा लावायचा तेवढा लक्षात ठेवा. भिंतीला पाठ किती वेळा लागते, हे दोन दिवसांत कळेल आणि त्याला एक रुपयाही लागणार नाही. माझा अंदाज असा की तुमचा ढीग २४ ते ३५ च्या मध्ये पडेल. तसे झाले तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे. आणि आकडे खरोखरच ४५-५० वर जमले तर मी चुकलो असे समजून पन्नास घ्या, कारण ते आकडे तुमच्या घरातून आलेले आहेत आणि माझे मत पुण्यातून.

आता अंधाराकडे वळू, कारण तुमची मूळ तक्रार तीच आहे. लेन्सवरचा एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थला प्रकाश आत येण्याच्या छिद्राच्या व्यासाने भागल्यावर येणारी संख्या. म्हणून आकडा लहान तेवढे छिद्र मोठे. तुमची झूम लेन्स ५० वर नेली की जास्तीत जास्त ५.६ पर्यंत उघडते, म्हणजे छिद्र जेमतेम नऊ मिलिमीटरचे, शर्टाच्या बारीक बटणाएवढे. ३० मिमीची एफ १.४ लेन्स पूर्ण उघडली की छिद्र एकवीस मिलिमीटरचे होते, साधारण रुपयाच्या नाण्याएवढे. तीसच्या आसपास तुमची झूम लेन्स साडेचार-पाचपर्यंत उघडते, म्हणजे तिथे एफ १.४ तिच्यापेक्षा सुमारे दहापट प्रकाश आत घेते. या दहापटीचे काय करायचे ते तुमच्या हातात असते. आजी स्थिर बसलेल्या असतील तर सगळा फायदा दाण्यांवर खर्च करा: जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ती वाढवली की दाणे वाढतात) ६४०० लागत होता तिथे ६४० पुरेल आणि रवा नाहीसा होईल. भाची मात्र स्थिर बसत नाही. तिच्यासाठी शटर उघडे राहण्याची वेळ १/६० सेकंदावरून १/२५० वर न्या, यात चौपट प्रकाश संपतो. उरलेल्या अडीचपटीत आयएसओ ६४०० वरून २५०० च्या आसपास उतरतो. फोटो हलणारही नाही आणि दाणेही बऱ्यापैकी कमी होतील. कॅमेऱ्यात आयएसओ ऑटोसाठी किमान शटर ठरवून देण्याची सोय आहे, तिथे १/२५० लावून ठेवले की दर वेळी हा हिशोब मनात करावा लागत नाही.

बोके, म्हणजे फोकसबाहेरच्या भागाचा मऊ धूसरपणा, हा मूळ जपानी शब्द. मराठीत तो उच्चारला की डोळ्यांपुढे दोन गलेलठ्ठ मांजरे येतात, त्याला इलाज नाही. मामेभाऊ खोटे बोलत नाही: ५६ एफ १.४ ने पार्श्वभूमी ज्या सफाईने विरघळते तशी तीसने विरघळत नाही. पण तुमच्या फोटोंत पार्श्वभूमी विरघळवायची आहे का, हे आधी ठरवा. आजींच्या मागे कोनाडा आहे, खुंटीवर आजोबांची टोपी असेल, गणपतीच्या मागे माटवीची फळे लटकत असतील. वीस वर्षांनी कोणी हे फोटो पाहील तेव्हा चेहऱ्याइतकीच ती खुंटी पाहील. शिवाय दीड मीटरवरच्या माणसावर ५६ एफ १.४ ने जेमतेम चार सेंटिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट आले तर कान विरघळलेले असतात, आणि भाची आजींच्या मांडीवर बसली असेल तर दोघींपैकी एकीची निवड करावी लागते. ३० एफ १.४ ने त्याच अंतरावर सुमारे चौदा सेंटिमीटर मिळतात. खोलीतल्या माणसांसाठी मला हे माप जास्त माणुसकीचे वाटते. ए-६४०० डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतो आणि उघड्या अ‍ॅपर्चरवर, म्हणजे ते छिद्र मोठे ठेवून, फोटो काढायचे धाडस मिररलेसवर करता येते ते मुख्यतः यामुळेच. तरीही दोन चेहरे असतील तेव्हा २ किंवा २.८ वर या.

आता नावे. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती सिग्मा ३० मिमी एफ १.४ डीसी डीएन ही आहे. २०१६ पासून ती बाजारात आहे, वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर, फोकस आवाज न करता होतो आणि तीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येते. दोष लपवत नाही: १.४ वर चौकटीचे कोपरे थोडे काळवंडतात, आणि समईच्या ज्योतीसारख्या प्रखर कडांना कधीकधी जांभळी-हिरवी किनार दिसते. कोपरे कॅमेराच बऱ्याच अंशी सुधारतो, किनार २ वर आल्यावर कमी होते. लेन्सवर एकही बटण नाही, जे मला गुण वाटते.

तिची खरी स्पर्धक सोनीचीच ३५ मिमी एफ १.८ ओएसएस आहे. ती दीडशे ग्रॅमच्या थोडी वर, म्हणजे खूपच हलकी, आणि तिच्यात ओएसएस, म्हणजे हाताचा कंप शोषणारी यंत्रणा, आहे. ए-६४०० च्या अंगात अशी यंत्रणा नाही, त्यामुळे ती लेन्समध्ये असणे याला इथे किंमत आहे. हातात धरून व्हिडिओ घ्यायचे असतील किंवा रात्री रिकाम्या माजघराचा, मखराचा, दिव्यांच्या रांगेचा फोटो हवा असेल, तर ती सिग्मापेक्षा सरस ठरेल. पण तिचा उपाय तुमच्या हातापुरता आहे, भाचीच्या हातापायांना ती थांबवू शकत नाही. तिथे शटरच वेगवान हवे आणि त्यासाठी जास्त उघडणारी लेन्स. तुम्ही व्हिडिओचा शब्दही लिहिलेला नाही, म्हणून मी सिग्माकडे झुकलो. लिहायचा राहून गेला असेल तर निर्णय उलटा करा.

सोनीची पन्नास घ्यायची वेळ आलीच तर दुकानात सावध राहा, कारण ५० एफ १.८ नावाच्या तिच्या दोन लेन्स आहेत. एक ओएसएसवाली, तुमच्या लहान सेन्सरसाठी बनवलेली. दुसरी एफई, मोठ्या सेन्सरसाठी बनवलेली, जिच्यात कंप शोषण्याची सोय नाही आणि जिचा फोकस रेंगाळतो आणि कुरकुरतो. खोक्यावरची ओएसएस ही अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. विल्ट्रॉक्सची ३३ एफ १.४ हीसुद्धा चांगली आहे, फक्त तिचे सॉफ्टवेअर अधूनमधून वायरने संगणकाला जोडून ताजे करण्याची तयारी हवी. सिग्माची २३ एफ १.४ मी तुम्हाला सुचवली असती, खोली आणखी दोन फुटांनी लहान असती तर.

तीस हजारांत काय बसते ते त्या दिवशीच्या दरावर ठरेल. दोन-तीन दुकानांत विचारा, पक्के बिल आणि भारतातली कंपनीची वॉरंटी घ्या, आणि हजार-दोन हजार कमी पडले तर थांबा, पण ग्रे मार्केटमधली बिनवॉरंटीची लेन्स घेऊ नका.

दुकानदार लेन्ससोबत काचेवर बसवायचा संरक्षक फिल्टर देऊ करेल. नाही म्हणा, किंवा घेतलात तर आरतीच्या वेळी काढून ठेवा. निरांजनाच्या ज्योतीचा उजेड सेन्सरवरून परत फिरून या सपाट फिल्टरच्या काचेवर आपटतो आणि पुन्हा सेन्सरवर येतो. मग फोटोत खऱ्या ज्योतीच्या समोरच्या बाजूला, कुणाच्या तरी डोक्यावर, हवेत तरंगणारी दुसरी उलटी ज्योत उमटते. आमच्या एका काकूंनी तो फोटो पाहून हात जोडले होते आणि मला त्यांचा गैरसमज दूर करण्याचा धीर झाला नाही. सिग्मासोबत लेन्सच्या पुढे कड्यासारखे लावायचे हुड मिळते, काचेला धक्क्यापासून वाचवायला ते पुरते.

आरतीचाच विषय निघाला आहे तर आणखी दोन गोष्टी. माजघरात दिवे मालवून फक्त समई आणि निरांजन असेल तेव्हा कॅमेरा काळोख पाहून फोटो नको इतका उजळ करतो आणि ज्योतींचे पांढरे ठिपके होतात; एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्यावर, आणा, चेहऱ्यांवरचा पिवळा उजेड जसा दिसतो तसा येईल. आणि एलईडीच्या माळा किंवा स्वस्त दिवे असतील तर कॅमेऱ्यातले सायलेंट शूटिंग बंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात, डोळ्याला ते कळत नाही, पण सायलेंट शूटिंगमध्ये सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचला जातो आणि फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. पट्टे तरीही दिसले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणून पाहा. तेवढ्यापुरते भाचीला कुणाच्या तरी कडेवर द्यावे लागेल.

ही लेन्स जे करणार नाही तेही सांगतो. सगळे घर आरतीला मखरासमोर उभे असते तेव्हा दहा फूट रुंदीचा घोळका तीसमध्ये बसायला पावणेतेरा फूट अंतर लागते, आणि ते तुमच्याकडे नाही. तिथे तुमची जुनी झूम लेन्स १६ वर लावा, ट्यूबलाइट सुरू ठेवा आणि फोटो काढा; ती विकण्याचा विचार करत असाल तर करू नका, तिच्याजागी तेवढीच चपटी दुसरी काही सहजी मिळणार नाही. स्नेहसंमेलनातही तीसवर भरवसा ठेवू नका. तीस फुटांवरून ती सगळा रंगमंच छान पकडेल, पण तुळशीच्या भूमिकेतल्या तिसरीतल्या मुलीच्या पालकांना तिचा चेहरा हवा असतो. त्यासाठी रंगमंचाच्या पायाशी जमिनीवर बसा, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला कोणी उठवणार नाही. जाखडी मात्र तीसवर फार चांगली येईल, कारण तिथे गोलाच्या कडेला उभे राहता येते आणि नाचणारे तुमच्यापाशी येऊन जातात. शटर १/२५० च्या खाली नेऊ नका.

आजींचे फोटो काढताना एक चूक टाळा. तीस लावल्यावर चेहरा चौकटीत भरत नाही म्हणून माणूस नकळत पुढे सरकतो आणि दोन फुटांवर जातो. तिथून नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. हा दोष लेन्सचा नाही, जवळिकीचा आहे. कुठल्याही लेन्सने दोन फुटांवरून नाक तसेच दिसेल. चार-पाच फुटांवर थांबा, चौकटीत हात, काठी, खिडकीचे गज येऊ द्या, आणि फक्त चेहरा हवाच असेल तर नंतर कापा. २४ मेगापिक्सेलमधून निम्मी चौकट कापली तरी भिंतीवर लावण्याजोगा फोटो उरतो.

मामांच्या लेन्सबद्दल शेवटी लिहितो आहे, पण करायची गोष्ट ती सर्वांत आधीची आहे. ती लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर चालते. पेन्टॅक्सच्या लेन्सला फिल्मपासून सुमारे साडेपंचेचाळीस मिलिमीटर अंतर हवे असते आणि सोनीच्या कॅमेऱ्यात सेन्सर तोंडापासून केवळ १८ मिलिमीटर आत असतो. मधले अंतर भरून काढणारी एक पोकळ कडी बसवली की काम झाले. तिच्यात काच नसते, म्हणून ती लेन्सच्या मानाने किरकोळ किमतीत मिळते. दुकानात ‘पीके-नेक्स’ अ‍ॅडॅप्टर मागा, कारण सोनीचे असे पहिले कॅमेरे नेक्स नावाने आले होते आणि कडीला तेच नाव चिकटले. कॅमेऱ्याला ही लेन्स दिसतच नाही, त्यामुळे मेनूमध्ये लेन्स नसतानाही शटर उघडण्याची परवानगी द्यावी लागते. ती दिली नाही तर बटण दाबले जाते आणि काहीच होत नाही, आणि माणूस कडी परत करायला निघतो. फोकस हाताने करायचा, अ‍ॅपर्चर लेन्सवरची कडी फिरवून. मेनूत पीकिंग सुरू केले की जिथे फोकस बसला तिथल्या कडा रंगीत दिसतात. भाचीच्या मागे हे घेऊन धावता येणार नाही, पण ओटीवर दुपारी बसलेल्या आजींसाठी याहून चांगली पन्नास विकत घ्यायची गरज तुम्हाला बहुधा पडणार नाही.

म्हणून मामांकडे जाताना टॉर्च घेऊन जा. लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून तिरका उजेड टाका आणि पुढून आत पाहा. चार धुळीचे कण असतील तर हरकत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू किंवा झाडाच्या मुळांसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी आहे आणि आधी सफाई करून घ्यावी लागेल. कोकणातल्या पावसात चामड्याच्या डबीत, कपाटात वर्षानुवर्षे राहिलेल्या लेन्सचे बहुतेक वेळा हेच होते. तुमच्या नव्या लेन्ससाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आजच आणा, दाण्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा कोरड्या करा, शक्य असेल तर आर्द्रता दाखवणारे लहान घड्याळ आत ठेवून काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत आहे ना ते पाहत जा. आणि मामांची लेन्स परत द्याल तेव्हा अशाच डब्यात घालून द्या. चामड्याची डबी त्यांना शोकेसमध्ये वेगळी ठेवू द्या.